निलमकडच्या फुलदाण्या

मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या माणसाने हर्षदाला बॅग उघडायला लावली. वर थोडे कपडे होते. खाली सगळी ओढण्यांत आणि टॉवेलांत गुंडाळलेली लाकडी खोकी.

"काय आहे यात?"

"फुलदाण्या. मातीच्या."

त्याने एक खोकं उघडलं. आत वीतभर उंचीची करडी फुलदाणी होती. अंगावर भाजल्याचे काळपट डाग, मान एका बाजूला जराशी कललेली.

"मातीची भांडी आणायला जपानपर्यंत गेलीस होय?" तो हसला आणि त्याने बॅग बंद करायला सांगितली.

बाहेर निलम गाडी घेऊन थांबली होती. हा किस्सा ऐकून ती इतकी हसली, की डहाणू येईपर्यंत मधूनच "मातीची भांडी!" म्हणून तिला पुन्हा हसू फुटत होतं. हर्षदाची ती पहिली सुट्टी होती.

हर्षदा रानशेतची. काकड्या आणि हिरी यांची थोरली मुलगी. तिच्या पाठचा मुकेश टेम्पो चालवायचा. नर्सिंग शिकायला ती तळासरीला गेली, तिथे निलम भेटली. निलम तिथल्याच शाळामास्तरांची मुलगी. घर जवळ असूनही हट्टाने होस्टेलवर राहायची. हर्षदाला पाड्यावरून भेटायला फारसं कोणी यायचं नाही, पण निलमच्या घरून येणाऱ्या डब्यात अर्धा वाटा हर्षदाचा असायचा. मुलींनी हर्षदाच्या बोलण्याची नक्कल केली, तर निलम त्यांच्या अंगावर धावून जायची. पुढे निलमने नर्सिंग सोडलं आणि नविनशी लग्न केलं. नविन गुजराती, त्याच्या घरची डहाणूला समुद्राकडेला चिकूची वाडी होती. तिथे निलमने होमस्टे काढला. हर्षदा जपानी शिकली, परीक्षा दिली आणि म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जपानला गेली.

तिचा वृद्धाश्रम डोंगरातल्या एका लहान गावात होता. त्या गावात कुंभार फार. पण आपल्याकडच्यासारखे नव्हेत. कोणी कॉलेजात कला शिकून आलेला, कोणी बँकेची नोकरी सोडून आलेला. ते स्वतःच्या नावाने फुलदाण्या करायचे, एकासारखी दुसरी कधीच नाही. फुलदाणी लाकडी खोक्यात घालून खोक्यावर कुंचल्याने आपलं नाव लिहायचे. सुट्टीच्या दिवशी हर्षदाला जायला दुसरं ठिकाण नव्हतं. ती त्यांच्या भट्ट्यांकडे जाऊन उभी राहायची. आधी लांबून, मग जवळून.

पहिली फुलदाणी तिने घेतली ती एकाच फुलाची होती. तिच्या तोंडात एक काडी मावेल, बस्स. खोलीत नेऊन तिने रस्त्याकडेचं गवत त्यात खोचलं आणि निलमला व्हिडिओ कॉल लावला.

"अगं, हे तर गवत आहे," निलम म्हणाली.

"बघ ना पण."

निलमने बघितलं. "हलवू नको फोन," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून दोघींना नादच लागला. वसंतात तिथे कुंभारांचा बाजार भरायचा. हर्षदा फोन हातात धरून रांगेने फिरायची आणि निलम डहाणूतून बघायची. हर्षदाने स्वतःला एक नियम घातला होता. ज्याच्याशी चार शब्द बोलता आले, त्याच्याकडूनच फुलदाणी घ्यायची. मेलेल्याची नाही, नावाजलेल्याची म्हणून नाही. त्यामुळे प्रत्येक फुलदाणीमागचा माणूस तिला ठाऊक असायचा. पांढरा लेप देणारी ती बाई बोलताना अडखळायची. चौकोनी घडवणारा तो दाढीवाला पोरगा दुपारी भट्टीशेजारीच झोपायचा. यातली एक, तळाशी चीर गेलेली पांढरी फुलदाणी, निलमने निवडली होती. "हीच. हिला काहीतरी झालंय आणि तरी उभी आहे बघ," ती म्हणाली होती. हर्षदाला ती फारशी आवडली नव्हती, पण तिने घेतली.

फुलदाण्या ठेवायच्या कुठे, हा प्रश्न पहिल्याच सुट्टीत आला. रानशेतच्या घरात तेव्हा एकच मोठी खोली होती. शेळ्यांची पिल्लं आत-बाहेर करायची. निलम म्हणाली, "माझ्याकडे ठेव. पुढची पडवी रिकामीच आहे. तुझं घर झालं की ने." नविनने सागवानी फळ्या ठोकून दिल्या. दर सुट्टीत खोकी यायची आणि फळ्या भरत जायच्या. निलम रोज वाडीतून काहीतरी खुडून त्यांत घालायची, फोटो पाठवायची. कधी कुड्याची फुलं, कधी चिकूची नुसती डहाळी. परदेशात थंडीने बोटं फुटलेली असताना ते फोटो बघून हर्षदाला आपल्या माणसांत असल्यासारखं वाटायचं.

या सगळ्यांत एक फुलदाणी विकत घेतलेली नव्हती. ती मोरिता-सान यांनी दिली होती.

मोरिता-सान, म्हणजे आपल्याकडच्या मोरिताबाई, साठीच्या पुढच्या कुंभारीण. त्यांची आई हर्षदाच्या वृद्धाश्रमात होती, नव्वदी ओलांडलेली. शेवटी शेवटी ती लेकीला ओळखेना, पण हर्षदाने हात धरला की घास घ्यायची. हर्षदा तिला भरवताना वारली भाषेतली गाणी म्हणायची आणि म्हातारी मान डोलवायची. ती गेली तेव्हा हात हर्षदाच्याच हातात होता. मोरिता-सान रस्त्यात होत्या. त्या पोचल्या, दारात उभ्या राहिल्या आणि आईकडे न जाता आधी हर्षदापुढे कमरेत वाकल्या.

आईच्या घरामागे उमेचं, म्हणजे तिथल्या जर्दाळूच्या जातीचं, एक जुनं झाड होतं. तिथल्या थंडीत सगळ्यांत आधी फुलणारं. घर विकलं तेव्हा ते झाड तोडलं गेलं. मोरिता-सान यांनी त्याची लाकडं आणून जाळली, राख चाळून लेपात मिसळली आणि त्या लेपाची एकच फुलदाणी भाजली. उंच मानेची, हिरवट-पिवळी. लेप मानेवरून असा ओघळलेला, की हात लावला तर ओला वाटावा.

"राख एवढीच होती," त्या म्हणाल्या. "ही तुझ्याकडे राहू दे. घरी ने."

हर्षदाने ती मांडीवर घेऊन विमानात प्रवास केला. निलमच्या पडवीत मधल्या फळीवर ठेवली. परत गेल्यावर मोरिता-सान यांना तिने निलमच्या होमस्टेचं पेज दाखवलं, निलमचा फोटो दाखवला. "ही माझी बहीणच समजा," ती म्हणाली. "मी इथे असले तरी ही तुमची फुलदाणी सांभाळते."

पाच वर्षं झाली, कामाची मुदत संपली. हिरीचे गुडघे गेले होते, घरी कोणीतरी हवं होतं. हर्षदा परत आली आणि डहाणूतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स म्हणून लागली. जपानचा नंबर बंद झाला, तसे तिथले बरेचसे लोक तुटले. मोरिता-सान यांना तिने नव्या वर्षाचं एक कार्ड पाठवलं. पुढच्या वर्षी राहून गेलं.

रानशेतला घराची नवी खोली बांधून झाली. मुकेशने भिंतीत फळ्या बसवून दिल्या. हर्षदा निलमला म्हणाली, "आता नेते गं फुलदाण्या."

"ने की. पण थोडं थांब. मुंबईहून एक ग्रुप येतोय, त्यांना बघायच्यात."

पुढच्या वेळी पडवीला रंग द्यायचं चाललं होतं. त्याच्या पुढच्या वेळी नविन गावाला गेला होता आणि खोकी माळ्यावरून काढायला कोणी नव्हतं. हर्षदाला वाईट वाटलं नाही. उलट तिला वाटायचं, निलमचा जीव गुंतलाय, हळूहळू सुटेल. मधल्या काळात होमस्टेचं नाव झालं होतं. लोक खास फुलदाण्या बघायला यायचे. एकदा हर्षदा पडवीत बसली असताना पाहुण्यांपैकी एका बाईने तिला विचारलं, "तुम्ही इथे कामाला का?" निलम आतून म्हणाली, "नाही नाही, मैत्रीण आहे माझी." एवढंच म्हणाली. हर्षदाला ते खटकलं, पण तिने मनावर घेतलं नाही.

त्या थंडीत एका रविवारी हर्षदा अंगणात नागली पाखडत होती. जिवली आली. जिवली त्याच पाड्यावरची, निलमच्या होमस्टेत स्वयंपाकाला जायची. पाणी प्यायली, हिरीशी बोलली आणि मग हर्षदाकडे वळली.

"तू कां नाय आलीस गं त्या दिवशी?"

"कुठे?"

"अगं, ती जपानची बाई आली होती ना. पांढऱ्या केसांची. सारखी तुझं नाव घेत होती. हारुशादा, हारुशादा." जिवली हसली. "मला आधी समजलंच नाय कोणाला बोलते. मग समजलं, तर म्हटलं, तू आता येशील, मग येशील. बाई तर दुसऱ्या दिवशी गेली पण."

हर्षदाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "कधी?"

"झाला की महिना. संगं एक पोरगी होती, ती हिचं बोलणं हिंदीत करायची. बाई गेल्यावर निलमताईला मी विचारलं, हर्षदाला सांगितलं का? तर बोलली, ती सुरतला गेलीय." जिवली थांबली. तिने हर्षदाचा चेहरा बघितला. "तू सुरतला गेली होतीस ना?"

"नाही," हर्षदा म्हणाली. "मी इथेच होते."

हिरी खाटेवरून म्हणाली, "कोण आली होती, बाय?" हर्षदा उठली, हात धुतले आणि रस्त्याला येऊन डहाणूला जाणारी शेअर इको गाडी पकडली.

निलम पडवीतच होती. कात्रीने जास्वंदीचे दांडे कापत होती. हर्षदाला बघून तिने नेहमीसारखं "ये गं" म्हटलं, पण हर्षदाचे डोळे मधल्या फळीवर गेले होते. तिथे चौकोनी फुलदाणी सरकवून ठेवली होती. उमेची नव्हती.

"मोरिता-सान आल्या होत्या?"

निलमने कात्री खाली ठेवली. "जिवलीने सांगितलं?"

"तू सांगायला हवं होतंस."

"बस आधी."

"उमेची कुठे आहे?"

निलम भराभर बोलू लागली. मोरिता-सान यांचं मुंबईत प्रदर्शन होतं. त्यांनी पेजवर मेसेज केला, भेटायला येते म्हणून. हर्षदाशी गाठ घालून द्या म्हणून. "मी सांगणारच होते तुला. पण त्याच आठवड्यात मुंबईची मासिकवाली माणसं फुलदाण्यांवर लिहायला म्हणून इथेच राहायला होती. त्यांना मी… त्यांना सगळ्यांना हे माझंच म्हणून माहीत आहे, हर्षू. एवढी वर्षं तेच चाललंय. त्यांच्यासमोर तू आली असतीस, ती तुझ्याशी जपानीत बोलली असती, तर मी कुठे तोंड दाखवलं असतं?"

"म्हणून मी सुरतला गेले."

"दोन दिवसांचा प्रश्न होता."

"आणि फुलदाण्या? त्यांना काय सांगितलंस?"

"सांगितलं, की तू मला देऊन गेलीस." निलमचा आवाज बारीक झाला. "सुरतला जाताना. तुला आता त्यांत रस नाही म्हणून."

हर्षदा पायरीवर बसली.

"ती बाई उमेच्या फुलदाणीपुढे बसून राहिली नुसती. मग त्या पोरीकरवी विचारलं, हर्षदाला नको असेल तर ही मी परत नेऊ का? मी काय म्हणणार होते? नाही म्हटलं असतं तर तिने कारण विचारलं असतं. मी दिली."

"तू दिलीस."

"तिचीच होती ना?"

"माझी होती, निलम."

तेव्हा निलमला राग आला. लाज वाटली की माणसाला येतो तसा. "तुझी, तुझी! रोज पुसल्या कोणी? फुलं कोणी घातली? त्यातल्या निम्म्या मी निवडल्यात फोनवरून. तू नुसती बॅगेत घालून आणल्यास. आणि नेऊन करणार काय होतीस? तुझ्या पाड्यावर कोण बघणार होतं त्यांना? तुझी आय त्यात दातवण ठेवणार!"

बोलून गेल्यावर तिलाही ते ऐकू आलं असावं. ती एकदम थांबली. आतून नविन दारात आला, दोघींकडे बघून तसाच मागे फिरला.

हर्षदाच्या डोळ्यांपुढे तळासरीचं होस्टेल आलं. तिच्या बोलण्याला हसणाऱ्या मुली, आणि त्यांच्यावर धावून जाणारी ही. तेव्हाही हिच्या मनात पाडा असाच होता का? हे तिने विचारलं नाही. विचारून उत्तर मिळालं असतं, तर होस्टेलची ती आठवणही हातची गेली असती.

तिने मुकेशला फोन केला. "टेम्पो घेऊन ये. पेंढा टाक मागे, भरपूर."

मुकेश येईपर्यंत ती पायरीवरच बसली होती. निलम आत गेली, बाहेर आली, चहा ठेवून गेली. चहावर साय धरली. मग निलमनेच माळ्यावरून खोकी काढून दिली आणि दोघी फुलदाण्या उतरवू लागल्या. कुठली कुठल्या खोक्यातली, हे दोघींनाही पाठ होतं. हात आपोआप चालत होते. लांबून कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, दोघी बहिणी आवराआवर करताहेत.

शेवटी तळाशी चीर गेलेली पांढरी राहिली. हर्षदाने ती हातात घेतली आणि पुन्हा फळीवर ठेवली.

"हीही ने," निलम रडत म्हणाली. "मला नको अशी दया."

"दया नाही. मला ती घरात नको."

टेम्पोत हर्षदा मागे पेंढ्यात बसली, दोन्ही हात खोक्यांवर ठेवून. कैनाड गाव गेल्यावर रस्ता खराब लागला आणि मुकेशने वेग कमी केला. तिथे तिला पहिल्यांदा रडू आलं.

मोरिता-सान यांचा नंबर मिळवायला तिने वृद्धाश्रमात फोन केला. जुन्या एका सहकारिणीने तो लगेच दिला. तरी दोन दिवस तिला धीर होईना. मग एका सकाळी, घरात कोणी नसताना, तिने फोन लावला. जपानी शब्द आधी आठवेनात. मग तिने आपलं नाव सांगितलं.

"मी त्या फुलदाण्या कोणाला दिल्या नव्हत्या," हर्षदा म्हणाली. "मी सुरतला गेले नव्हते. तुम्ही आलात तेव्हा मी अर्ध्या तासावर होते. मला कोणी सांगितलं नाही."

मोरिता-सान यांना पुन्हा सांगावं लागलं.

"मी आईच्या फोटोपुढे बसून तुला दोष दिला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आई, तू जिचा हात धरलास तिला तुझी आठवण नको झाली."

"तुम्ही तिचं का ऐकलंत?"

"तू म्हणाली होतीस, ती तुझी बहीण आहे. बहीण खोटं का बोलेल?"

हर्षदाने विचारलं, "ती तुमच्याकडे आहे ना? उमेची?"

"नाही." मोरिता-सान यांचा आवाज पडला. "घरात ठेवून बघवेना. तुझ्या जागी व्हिएतनामची एक मुलगी आली आहे. चांगली आहे. आईच्या खोलीत आता जे आजोबा आहेत, त्यांना ती भरवते. तिला दिली." आणि मग घाईने, "मी मागून घेते. तिला सगळं सांगते. ती देईल."

हर्षदाने डोळे मिटले. तिला ती फुलदाणी हवी होती. पण ती मुलगी तिला दिसत होती. दिवसभर उचलून-ठेवून कंबर दुखत असेल, खोलीत एकटी असेल, आणि खिडकीशी ती हिरवट-पिवळी फुलदाणी. कोणीतरी दाराशी येऊन म्हणेल, माफ कर, ती परत दे.

"नको," ती म्हणाली. "दिलेली परत नेली की कसं वाटतं, ते मला आता माहीत झालंय."

मोरिता-सान यांना ते लागलं असणार. लागावं असंच तिने म्हटलं होतं. त्या पुन्हा पुन्हा माफी मागत राहिल्या. फोनवर दिसत नसूनही त्या वाकत असणार, हे हर्षदाला ठाऊक होतं. पण तिच्या मनातलं काही हललं नाही. एकदा विचारायला हवं होतं, एवढंच तिला वाटत राहिलं. एवढ्या लांब आलात, दवाखान्यापर्यंत यायचं राहिलं होतं. निदान मला शोधायचं.

नव्या खोलीत फुलदाण्या लागल्या. पाड्यावरच्या बायका येऊन बघून गेल्या. जिवलीने प्रत्येकीवरून बोट फिरवलं. तिला वाटत होतं आपल्यामुळे हे झालं, आणि तिने निलमकडचं काम सोडलं होतं. हिरी म्हणाली, "फुलं नाय घालत कां, बाय?" हर्षदा म्हणाली, घालीन. पण महिना गेला तरी तिने घातली नाहीत. कुठलीही फुलदाणी हातात घेतली, की फोनमधून येणारा निलमचा आवाज ऐकू यायचा. हलवू नको, जरा उजेडात धर, हीच घे. एकही फुलदाणी अशी नव्हती, जिच्यात तो नव्हता. निलम म्हणाली होती त्यात तेवढं खरं होतं, आणि तेच सहन होत नव्हतं.

निलमचे मेसेज आले. आधी लांबलचक, मग छोटे, मग नुसते फोटो. हर्षदाने उघडले नाहीत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी नविनच्या आईला दवाखान्यात आणलं. उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं होतं. हर्षदाची दिवसपाळी होती. तिने म्हातारीचा हात चोळून शीर शोधली, पहिल्याच खेपेला सुई लावली, सलाइन सुरू केलं. म्हातारीने तिला ओळखलं. "हर्षदा बेटा, केम छे? घरी का येत नाहीस?" हर्षदाने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "बा, पडून राहा. बरं वाटेल आता."

निलम खाटेच्या पायथ्याशी उभी होती. बारीक झाली होती. हर्षदा सलाइनचे थेंब बघत असताना ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "हर्षू, ती पांढरी सोडली तर पडवी रिकामीच ठेवलीय मी. पेजवर सगळं खरं लिहिलं, बघितलंस का? एकदा बोल ना माझ्याशी. शिव्या दे."

हर्षदाने तिच्याकडे बघितलं. राग यावा म्हणून ती थांबली. राग आला नाही. समोर पेशंटची सून उभी होती.

"तुम्ही बाहेर बसा," ती म्हणाली. "इथे एकालाच थांबता येतं. औषधं आणायची असली की सांगते."

निलमचे ओठ हलले. 'तुम्ही' हा शब्द तिने स्वतःशी म्हटला की काय कोण जाणे. मग ती वळली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. हर्षदाने म्हातारीच्या अंगावरची चादर सारखी केली आणि पुढच्या खाटेकडे गेली.